मूळ ग्राहक

इंजिन बंद पडलं ते चढावर, आणि स्टिअरिंगवर होत्या एक शिकाऊ बाई. बिचाऱ्यांना वाटलं, आपण क्लच चुकीचा सोडला म्हणून गाडी मेली. त्या रडायलाच लागल्या. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबून धरला, त्यांना धीर दिला आणि मनात म्हटलं, बाई, तुम्ही कशाला रडता, हे इंजिन पहिलीने आणलेलं आहे.

पहिली म्हणजे आमच्या ह्यांची पहिली बायको. दोघांचा रीतसर घटस्फोट झालेला. त्यानंतर वर्षभराने मी ह्यांच्याकडे गाडी शिकायला आले आणि शिकता शिकता इथेच राहिले, तेव्हा मी कोणाचं घर मोडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. तरी मी तिच्यावर जळते. सवत म्हणावी तर ती घरात नाही, आणि घरात बघावं तिकडे तीच. पडदे तिने निवडलेले, कुकर तिने घेतलेला, भिंतीला खिळे ठोकले तेही तिच्या उंचीच्या हिशोबाने. ती माझ्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे. मी अजून स्टुलावर चढून कॅलेंडरचं पान उलटते.

सासूबाई तर मुद्दाम बोलत नाहीत, सहज बोलतात, आणि सहज बोललेलंच जास्त लागतं. गाडी बंद पडल्याचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "तिला कळायचं हो गाडीतलं. नुसत्या आवाजावरून सांगायची." मी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

आमचा ड्रायव्हिंगचा क्लास आहे. दारावर मोठी पाटी असली तरी गाडी एकच. पुरुषांना हे शिकवतात, बायकांना मी. म्हणजे गाडी उभी राहिली की क्लास उभा, आणि क्लास उभा की आमची चूल. नवं इंजिन पदरचं घालून घ्यायची आमची ऐपत नव्हती. एक आशा होती ती वॉरंटीची. आधीचं इंजिन गेलं तेव्हा हे तापाने अंथरुणाला खिळलेले, म्हणून पहिलीनेच वर्कशॉप गाठून बदली इंजिन बसवून घेतलं होतं. तीन वर्षांची वॉरंटी, तिचे चार महिने अजून बाकी होते.

हे वर्कशॉपला एकटेच गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काय म्हणाले?"

"वॉरंटी मूळ ग्राहकाच्या गाडीलाच. नाहीतर त्याच्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या गाडीला. बिल तिच्या नावावर आहे. मिसेसना ओळखपत्र घेऊन पाठवा, म्हणाले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बरं म्हणालो."

बरं. ह्या माणसाला कोणी येऊन सांगितलं की तुमचं घर आम्ही उचलून नेतोय, तरी तो बरं म्हणेल. मी बिल हातात घेऊन पाहिलं. तिचं नाव, आणि पुढे आमचं आडनाव. ओळखपत्रावरही म्हणे तेच आहे, आळसाने बदललंच नाही. माझं आडनाव तिच्या नावापुढे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या नावाने मीच जाऊन उभी राहते, असंही डोक्यात येऊन गेलं, पण ओळखपत्रावरचा चेहरा कुठून आणायचा?

तेव्हा डोकं शेवटी मीच चालवलं. गाडी ह्यांच्या नावावर, इंजिन तिच्या नावावर. ती आली आणि दोघं नवरा-बायको म्हणून बसले की झालं, कोण घटस्फोटाचे कागद मागतंय? खोटं ते खोटंच, पण इंजिन तर खरंच बिघडलं होतं ना.

फोनही मीच केला. ह्यांनी तिच्याशी बोलायला नको होतं मला. म्हटलं, चांगली ऐकवेल, आढेवेढे घेईल, मग मलाही चार शब्द सुनावता येतील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते ना. कधी येऊ?" भांडायला जागाच ठेवली नाही. तेही माझ्या पोटात दुखलं.

मग मी ह्यांची तालीम सुरू केली, कारण ह्यांना खोटं बोलता येत नाही. जेवणं झाल्यावर मी टेबलाच्या पलीकडे बसायचे आणि वर्कशॉपवाला व्हायचे.

"ह्या तुमच्या कोण?"

"त्या... म्हणजे आमच्या... तशा पूर्वी..."

"पूर्वी नाही. आत्ता. परत."

"ह्या माझ्या..." आणि पुढे नुसता घसा खाकरायचे. कान लाल व्हायचे, पाण्याचा पेला उचलायचे. वरवर मी चिडायचे, अहो एवढंसं वाक्य आहे, शाळेतलं पोरही म्हणेल. पण आतून मला गुदगुल्या व्हायच्या. खोटं का होईना, तिला बायको म्हणताना ह्यांची जीभ अडते. शेवटच्या दिवशीसुद्धा त्यांना ते जमलं नाही. आता क्लेम बुडतो की काय ही धास्ती होती, तरी मी समाधानाने झोपले.

ठरल्या दिवशी ती वर्कशॉपच्या दारात आधीच येऊन उभी होती. साधे कपडे, खांद्याला पिशवी, केस मागे बांधलेले. मी आदल्या दिवशी कपाट उपसून तीन साड्या नेसून पाहिल्या होत्या.

"काय रे, बारीक झालास," ती ह्यांना म्हणाली.

अरे-तुरे. मी ह्यांना आधी सर म्हणायचे, लग्नानंतर अहो म्हणायला लागले, त्यापुढे माझी मजल गेलेली नाही. आणि ही दोन-अडीच वर्षांनी भेटतेय आणि थेट 'काय रे'. वर हे हसले.

मी बाहेरच्या बाकावर बसायचं असं ठरलं होतं. पण माझे पाय काही बाकाकडे वळले नाहीत. दोघांच्या मागोमाग मीही काचेच्या केबिनमध्ये शिरले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. क्लेम बघणारा माणूस गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा आणि नकार देण्यात मुरलेला होता. त्याच्यामागे काचेतून आमचं इंजिन दिसत होतं. ते उघडून लोखंडी टेबलावर मांडलं होतं, आणि शेजारच्या ट्रेमध्ये झिजून पत्रा झालेल्या बेअरिंगा होत्या.

"ऑइल वेळेवर बदललेलं दिसत नाही," त्याने पहिला खडा टाकला.

"प्रत्येक वेळी तुमच्याकडेच बदललंय," ती म्हणाली. "तुमच्या कॉम्प्युटरवर असेल. बघा."

त्याने बघितलं आणि विषय बदलला. "गाडी क्लासला वापरता. नवशिक्यांच्या हाती दिलेल्या इंजिनाला वॉरंटी कशी चालेल?"

"गाडीत दोन ब्रेक आहेत. छपरावर एवढी मोठी पाटी आहे. इंजिन बसवताना ती दिसली नव्हती का? तेव्हा म्हणाला असतात तर मी दुसरीकडे गेले असते. पैसे घेताना क्लासची गाडी चालली, आणि आता चालत नाही?"

आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. मी असते तर पहिल्याच वाक्याला भांडायला उठले असते आणि दुसऱ्याला रडले असते. हे तिच्याकडे बघत होते. आमच्या बायका-विद्यार्थिनी पहिल्यांदा गाडी रिव्हर्स घेतात तेव्हा माझ्याकडे बघतात ना, तसे. मला तिचा एवढा राग आला की क्षणभर वाटलं, क्लेम बुडाला तरी चालेल, पण हिचं तोंड बंद व्हावं.

पण तोंड बंद झालं ते त्या गोल चेहऱ्याचं. तो थोडा वेळ पेन वाजवत बसला. मग ह्यांच्याकडे वळला.

"ठीक आहे. आता गाडी तुमची, इंजिन बाईंचं. ह्या तुमच्या कोण?"

आता हे घसा खाकरणार, आता कान लाल होणार.

"माझी बायको," हे म्हणाले.

घसा नाही, कान नाही, काही नाही. एका दमात, सरळ त्याच्या डोळ्यांत बघून. वर तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. तो हात मी तालमीत शिकवलेला नव्हता.

"आणि ह्या?" त्याने माझ्याकडे पेन दाखवलं.

"ह्या आमच्या क्लासच्या मॅडम."

हेही तितक्याच सहज. त्या माणसाने मला नमस्कार केला, मीही केला. न करून काय करते? तिने सही केली, त्याने शिक्का मारला. इंजिन मिळालं. क्लास वाचला, घर वाचलं, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की माझ्यासमोर अडखळणारी जीभ हिच्या शेजारी बसल्यावर अडखळली नाही. म्हणजे तोंडात अजून तीच बसलेली आहे.

हे गाडीतलं सामान काढून घ्यायला आत थांबले. आम्ही दोघी रस्ता ओलांडून बसथांब्यावर गेलो. आभार तरी मानावेत म्हणून मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"तूच शिकवलंस ना त्याला?"

"काय?"

"असं बोलायला." ती रस्त्याकडे बघत होती. "आठ वर्षं राहिले मी त्याच्याबरोबर. चारचौघांत एकदाही मला माझी बायको म्हणाला नाही. 'घरून आल्यात' म्हणायचा. 'ह्यांना विचारा' म्हणायचा. एकदा तर त्याच्या मित्राला वाटलं, मी त्याच्याकडे कामाला आहे. मी भांडले, रडले, सगळं करून बघितलं. आणि आज कसं खाडकन म्हणाला. तू नशीबवान आहेस बाई. तुझ्या हाताखाली शिकला."

ती हसली, पण डोळे हसत नव्हते. ते डोळे मी ओळखले. रोज आरशात बघते मी ते. ही वीतभर उंच, आवाज न चढवता जिंकणारी बाई चक्क माझ्यावर जळत होती. माझ्या जिवाला असा काही थंडावा वाटला म्हणून सांगू. एवढ्यावर थांबायचं होतं मी, पण थांबते कसली.

"हो ना," मी म्हणाले. "आता तर त्यांना सवयच झालीये. कुठेही गेलो तरी आधी तेच सांगतात."

तिने मान हलवली. तेवढ्यात तिची बस आली आणि ती चढून गेली. खिडकीतूनही तिने वळून पाहिलं नाही. चांगलंच लागलं होतं तिला.

मी बाकावर टेकले आणि सुख चघळायला म्हणून एखादा प्रसंग आठवायला गेले. आम्ही खातं उघडायला गेलो तेव्हा हे बँकेत म्हणाले होते, "ह्यांचीही सही घ्या." डॉक्टरकडे म्हणाले होते, "पेशंट ह्या आहेत." क्लासमध्ये मॅडम. शेजारी मॅडम. लग्नाची नोंदणी झाल्यावर मित्राला फोन लावला, तेव्हा म्हणाले, "झालं बाबा काम." मी एकेक करून सगळं आठवलं, आणि परत पहिल्यापासून आठवलं.

नाही. एकदाही नाही. ह्या माणसाने आयुष्यात एकदाच चारचौघांत कोणालातरी 'माझी बायको' म्हटलं, आणि ते तिला. तेही मी जेवणाच्या टेबलावर बसून पाठ करून घेतलेलं. मी स्वतःच्या हाताने नेऊन तिच्या ओटीत घातलं आणि बदल्यात इंजिन घेऊन आले.

हे रस्ता ओलांडून आले. एका हातात जॅक, दुसऱ्या हातात छपरावरची पाटी, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"सुटलो बुवा. पुढच्या आठवड्यात गाडी मिळेल. गेली का ती?"

"गेली. अहो, मी तुमची कोण?"

"काय?"

"मी तुमची कोण? सांगा."

थांब्यावर पाच-सहा माणसं होती. एक आजोबा वर्तमानपत्र वाचायचे थांबले. ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, रांगेतल्या बाईकडे पाहिलं, मग हातातल्या पाटीकडे. घसा खाकरला. कान लाल झाले.

"अगं, इथे कशाला?" ते हळूच म्हणाले. "घरी म्हणतो."