आखणीचं टेबल

"हा माझ्याकडं बघतच नाय गो," पूजा पुटपुटली. "सासूवानी तोंड फिरवून बसलाय मेला."

"देवाला मेला म्हणतेस?" शेजारून अनिता फिस्कारली.

"अजून देव कुठं झालाय? डोळं आखल्यावर व्हनार."

नूतननं ब्रश न थांबवता म्हटलं, "रंग ओला हाय. वाळला की बघंल."

वाळून नजर बदलत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. रोह्याजवळच्या वरसे गावाहून रोज पेणला यायचं आणि या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे, यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिनं मान वर केली. टेबलावरचे सगळे गणपती, पूजाचे, अनिताचे, तिचे स्वतःचेसुद्धा, बायांना चुकवून तिरके खिडकीकडे बघत होते. खिडकीखालच्या त्या रिकाम्या जागेकडे.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सगळ्यात चांगला उजेड तिथंच होता. तरी तिथं कुणी बसत नसे. "वारा लागतो," असं अनिता म्हणायची.

पूर्वी तिथं अष्टमी गावची मालूमावशी बसायची. तेव्हा टेबल नव्हतं, रोजाचं काम होतं. मावशी मूर्ती फिरत्या पाटावर ठेवायची आणि आपण खाली जमिनीवर बसायची, पूजेला बसल्यासारखी. मूर्ती समोरासमोर आणायची, एक डोळा आखायची, पुन्हा पाट फिरवायची. मग दारापर्यंत जाऊन तिथून बघायची. देवानं तिच्याकडे बघितलं की म्हणायची, "हां, आता जा बाबा घरी."

मग थोरल्या मालकांचा यज्ञेश पुण्याहून काहीतरी शिकून आला. वाईट मुलगा नव्हता. बायांसाठी पंखे त्यानंच लावले. पण त्यानं लांब टेबल आणलं आणि गटाचा बोनस सुरू केला. टेबलावरून जितक्या मूर्ती जास्त उतरतील, तितका बोनस सगळ्या बायांना सारखा. एकीचा हात मंद, तर सगळ्यांचा बोनस कमी. पहिल्या बोनसात नूतननं मिक्सर घेतला. अनितानं पैंजण घेतले आणि महिनाभर सगळ्यांना ऐकवले.

त्यानंतर बाया मावशीच्या हाताकडे बघायला लागल्या.

कुणी वाईट बोललं असं नाही. बाया चांगल्याच होत्या. "मावशी, गणपतीशी लगीन ठरवताय काय? आटपा की!" मावशीही हसायची. मग ती पाणी प्यायला उठेनाशी झाली. मग तिचा डबा तसाच घरी जाऊ लागला. तरी दारापर्यंत जाऊन बघणं काही तिनं सोडलं नाही. शेवटी अनितानं नूतनला पुढं घातलं. "तू गोड बोलतेस. दादांना सांग, मावशीला वेगळं काम द्या."

नूतननं गोड बोलून सांगितलं. यज्ञेश म्हणाला, "तुम्हीच ठरवा. टीम तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी मावशीचा पाट पाठीमागच्या खोलीत गेला. तिथं कच्च्या मूर्ती पॉलिशपेपरनं घासायचं काम चाले. मावशी आली, पाट बघितला, पदर खोचला आणि घासायला बसली. काही बोलली नाही, हेच वाईट झालं. भांडली असती तर बायांना बरं वाटलं असतं.

त्या खोलीत पांढरी धूळ उडायची. मधल्या लाकडी फळीपलीकडून मावशीचा खोकला यायचा. अनितानं मोबाइलवर गाणी लावायला सुरुवात केली, आणि खोकला वाढला तशी गाणीही मोठी झाली. दिवाळीनंतर मावशी यायची बंद झाली, होळीआधी गेली. सगळ्या मिळून अष्टमीला तिच्या घरी जाऊन आल्या. सुनेनं चहा दिला. पुलावरून परतताना अनिता म्हणाली, "वय झालं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. गाणी मात्र आजतागायत मोठीच होती.

आता मूर्ती फिरवायला कुणाला सवड नव्हती. जशी समोर येईल तशी, बाजूनंच हात घालून डोळा आखायचा. बुबुळ नकळत उजेडाकडे सरकायचं. नूतननं स्वतःला तेच सांगितलं. उजेडाकडे. दुसरं काही नाही.

तेवढ्यात यज्ञेश मोबाइल घेऊन आत आला. "गाणी बंद करा जरा. मुंबईचा व्यापारी अख्खा माल परत पाठवतोय. म्हणतो, गणपती माणसाकडे बघतच नाही."

अनितानं गाणी बंद केली. फळीपलीकडून पॉलिशपेपरची खरखर ऐकू आली.

"असं असेल तर टेबलाचा बोनस जाणार," यज्ञेश म्हणाला. "पण एकाच हाताची चूक असेल, तर तो हात बाजूला करू, बाकीच्यांचं राहील. तुम्हीच ठरवा. टीम तुमची आहे."

नूतननं ब्रश खाली ठेवला.

"पूजा नवीन हाय, दादा," अनिता लगेच म्हणाली. "तिचा हात बसला नाय अजून."

"मी?" पूजा सगळ्यांकडे बघू लागली. "मी तर तुमचं बघूनच आखते! नूतनताई, सांग की गो!"

नूतन टेबलाकडे बघत राहिली. तिथंही कुणी तिच्याकडे बघत नव्हतं.

पूजानं डोळे पुसले. गालाला काळा रंग लागला. तिनं आपले ब्रश गोळा केले. "बरं. मग कुठं बसू?"

"पाठी, घासायला. शिकशील हळूहळू. तिथं मालूमावशीचा पाट..." अनिता थांबली. मावशी गेल्यापासून ते नाव कारखान्यात कुणी उच्चारलं नव्हतं.

"मालूमावशी कोन?" पूजानं विचारलं.

यज्ञेशनं मोबाइल खिशात घातला. "होत्या एक. वय झालं होतं त्यांचं."

"व्हय," अनिता म्हणाली. "वय झालं होतं."

नूतननं पूजाच्या हातातले ब्रश काढून घेतले आणि तिच्या जागेवर परत ठेवले. तिचा आवाज गोड नव्हता.

"वय नव्हतं झालं. चांगली धडधाकट होती. बोनससाठी आम्ही तिला त्या धुळीत बसवली, दादा. सांगायला मी आले होते. आनि तुम्ही बसवू दिली."