गडग्यापलीकडचा दगड

राहीने सार्जंट हॅडलीच्या दगडाभोवती दुसरी फेरी मारली. डावीकडे तापाने गेलेल्या कुणा लेफ्टनंटची कबर. पायथ्याशी सुरूचं जुनं खोड. उजवीकडे हातभर गवत आणि मग थेट कबरस्थानाचा गडगा, दगडी कुंपण. बारा वर्षांपूर्वी बाबांनी सांगितलं होतं ते बरोबर होतं. शेजारी कोणीच नव्हतं.

तरीही ती तिथून हलली नाही. पदराखाली धरलेलं विलायतेचं पत्र दमट हवेने मऊ पडलं होतं.

ते काल दादू टपालवाल्याने आणून दिलं होतं. अशी पत्रं वर्षाकाठी दोन-तीन यायचीच. दापोलीच्या कॅम्पात शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या पलटणी राहत, त्यातले जे इथेच मेले त्यांची नातवंडं-पतवंडं आता आपापल्या घराण्याच्या याद्या जुळवत बसली होती. पत्र देताना दादू नेहमीप्रमाणे म्हणाला, "घ्या मास्तरीणबाई, गोऱ्यांचं मेलेलं माणूस परत हरवलं." मग पाकिटावरचं महिपत हे नाव त्याच्या ध्यानात आलं आणि तो पिशवी सावरून वळला. महिपतला जाऊन अजून दोन महिने झाले नव्हते.

तिच्या बाबांनी, महिपतने, त्रेचाळीस वर्षं या कबरस्थानाची राखण केली. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण एकशे अठरा दगडांवरचं एकूण एक अक्षर त्याच्या बोटांना ठाऊक होतं. पाऊस उणावला की नारळाच्या सोडणाचा कुंचला आणि पाण्याचा हंडा घेऊन तो एकेका दगडाचं शेवाळ घासून काढायचा. पत्र आलं की राही ते त्याला मराठीत सांगायची. मिशनच्या शाळेत ती शिकली तीही त्याच्या हट्टाने. नवरा दोन वर्षांत गेला आणि ती परत आली, तेव्हा मुलींच्या शाळेत नोकरीला लावली तीही त्यानेच. पत्र ऐकून तो उठायचा, दगड ओळीने तोंडपाठ असूनही पुन्हा जाऊन बघून यायचा आणि मग उत्तर सांगायचा. प्रत्येक उत्तराची सुरुवात ठरलेली: पत्र पावलं, दगड पाहिला. अंदाजाने त्याने कधी काही सांगितलं नाही. एखादा आकडा झिजलेला असला तर म्हणायचा, "दिसत नाय असं लिव. आपल्याला काय वाटतं ते त्यांना कशाला?"

कालचं पत्र एडिथ हॅडली नावाच्या बाईचं होतं. तिच्या वडिलांनी बारा वर्षांपूर्वी इथे पत्र पाठवलं होतं आणि सार्जंटच्या शेजारी कोणी पुरलेलं नाही हे उत्तर त्यांना मिळालं होतं. ते आता वारले. पण त्यांच्या कागदांत तिला आजोबांच्या हातचं एक टिपण सापडलं. आजोबा म्हणजे सार्जंटचा मुलगा. बाप मेल्यावर पलटणीने त्या तीन वर्षांच्या पोराला बुरोंडीहून होडीत घालून मुंबईच्या अनाथाश्रमात पाठवलं. तिथून तो विलायतेला गेला, गोदीत सुतार झाला, सात मुलांचा बाप होऊन एकोणऐंशीव्या वर्षी गेला. आईचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. त्याला फक्त एवढं आठवायचं, की होडी निघाली तेव्हा एक बाई कंबरभर पाण्यात उभी होती आणि तिने हात वर केला होता. हातात काहीतरी धरलेलं होतं. काय होतं ते आठवायचा त्याने जन्मभर प्रयत्न केला. एडिथचं मागणं एवढंच होतं: ती बाई कोण, आणि तिचं नाव काय?

बाबा असते तर दोन ओळींत उत्तर गेलं असतं. दगडावर नाही, सबब ठाऊक नाही. राहीही तेच लिहिणार होती. पण रात्री बाबांच्या वहीत जुन्या उत्तराचा मराठी मजकूर काढून पाहिला तेव्हा ती एका जागी अडखळली. 'गडग्याच्या आत सार्जंटसाहेबाशेजारी कोणी नाही.' बाकीच्या कुठल्याही उत्तरात गडगा नव्हता. लिहिताना आपण हुज्जत घातली होती हेही तिला आठवलं. कबरी गडग्याच्या आतच असतात, वेगळं कशाला लिहायचं? बाबा कधी नव्हे ते तुटकपणे म्हणाले होते, "सांगतो तसं लिव."

म्हणून ती सकाळी शाळेआधी इथे आली होती.

गडगा छातीइतका उंच, जांभ्या दगडांचा. राही चाळिशीला आलेली. तरी इकडेतिकडे बघून तिने साडीचा काचा मारला आणि पलीकडे उतरली. रानतेरड्यात पाय गुडघ्यापर्यंत बुडाले. सार्जंटच्या अगदी समोर, मध्ये फक्त गडगा, असा एक जांभ्याचा चिरा जमिनीत अर्धा रुतलेला होता. अक्षर नाही, खूण नाही. त्याच्यावर शेवाळ होतं, पण पातळ, एकाच पावसाळ्याचं. गडग्यावरच्यासारखे काळे जाड थर नव्हते. तिने तळव्याने ते पुसलं. खाली दगडाची पाठ गुळगुळीत लागली. जांभा आपणहून असा गुळगुळीत होत नाही. वर्षानुवर्षं कोणीतरी तो घासला होता. चिऱ्याच्या माथ्यावर पोयीचा कुजका तुकडाही पडलेला होता, नारळाच्या फुलोऱ्यावर येते त्या होडीसारख्या आवरणाचा. वर बघितलं तर आसपास माड एकही नव्हता.

ती तिथेच उकिडवी बसली. त्रेचाळीस वर्षांत ज्या माणसाने एक आकडा अंदाजाने सांगितला नाही, त्याने तिच्याकडून हे लिहून घेतलं होतं. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. आणि तेच पुरतं मानून एक माणूस तिकडे वारलाही होता. बाबांना आता विचारता येत नव्हतं. महिनाअखेर बांधकाम खात्याचा कारकून येऊन कबरस्थानाची किल्ली आणि वही घेऊन जाणार होता.

पोय येते ती किनाऱ्याच्या माडांवरून, बुरोंडीकडून, हे मात्र तिला सुचलं. तो दिवस शनिवारचा होता.

मासळीवाली गुणवंती दर शनिवारी बुरोंडीहून तीन कोस पाटी घेऊन चालत यायची. श्रावणात दापोलीची निम्मी घरं मासळीला शिवत नसत, पण कॅम्पातली मुसलमान आणि ख्रिस्ती घरं सुकट-बोंबील घेत. परत जाताना ती महिपतच्या पडवीत टेकायची, पाणी प्यायची आणि महिपतची थट्टा करायची, की मेलेल्यांची चाकरी बरी, तक्रार करायला कोणी येत नाय. तो गेल्यापासून पडवीत आली तरी ती पाय लांब करून बसत नव्हती.

राहीने पाणी दिलं आणि सरळ विचारलं, गडग्यापलीकडच्या चिऱ्यावर पोय कोण ठेवतं.

गुणवंतीने भांडं खाली ठेवलं. चुंबळ सोडली, परत वळली. मग म्हणाली, "बापासानं सांगितलान?"

"नाही. मीच पाहिलं."

"मग पायलंस ते पायलंस. इचारू नको."

राहीने दुसऱ्या बाजूने विचारून पाहिलं. बारा वर्षांपूर्वीच्या उत्तराचं सांगितलं. तेव्हा गुणवंती थोडीशी सैल झाली. ते पत्र आलं तेव्हा तिची सासू, गंगुबाई, जिवंत होती. महिपत स्वतः चालत बुरोंडीला गेला होता, काय लिहू ते विचारायला. म्हातारीने त्याच्या हातावर मीठ ठेवून वचन घेतलं, की आमच्या बायचं कागदावर चढवायचं नाय. घरात दोन पोरी लग्नाच्या होत्या. त्याहून मोठी भीती निराळीच होती: गोऱ्यांना कळलं तर ते उद्या दगड उकरून आपल्यात नेतील.

"आमची बाय म्हंजे माझ्या आजेसासऱ्याची आत्या," गुणवंती खालच्या आवाजात म्हणाली. "साहेबाकडं रायली म्हणून घरानं टाकलान. मेली तवा आमच्या मसणात नेली नाय, यांच्यात घेतली नाय. साहेबाच्या कडेला निजवा बोलली हुती, तर रातोरात एवढ्या लांब आणून ठेवलान. मागून सरकारनं गडगा घातलान, तो पण मधोमध. आता तू मास्तरीण, तुला लिवायची हौस. पण वचन तुझ्या बापाचं हाय."

राहीने मान हलवली. बाबांनी दोन्ही पाळलं होतं, म्हातारीला दिलेला शब्द आणि स्वतःची रीत. त्यासाठी एक गडगा वाक्यात घातला होता. मग आपण कोण ते मोडणार? पत्राला दोन ओळींचं उत्तर जाईल, असं तिने मनाशी ठरवलंही.

"बरं, नाही लिहीत," ती म्हणाली. "पण पत्रात काय आहे ते ऐकून तरी जा. त्या मुलाचं आहे."

गुणवंती पाटी उचलायला वाकली होती. ती तशीच थांबली. "पोर जगलं?"

शंभर वर्षं त्या घरात कोणालाच हे ठाऊक नव्हतं. राहीने पत्र काढलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगू लागली, बाबांना सांगायची तसं. अनाथाश्रम. गोदीतलं सुतारकाम. सात मुलं. एकोणऐंशी वर्षं. गुणवंती प्रत्येक आकड्याला बोट मुडपत होती. सुतार झाला हे ऐकून ती एकदा हसली, "हातात कसब हुतंच, आमचंच ना," म्हणाली. मग कंबरभर पाण्यातली बाई आली, वर केलेला हात आला. हातात काय होतं ते मात्र आजोबांना शेवटपर्यंत आठवलं नाही, हे वाक्य राहीने सांगितलं, आणि समोरून हुंकार आला नाही म्हणून मान वर केली.

गुणवंती रडत नव्हती. फक्त तिने पदराने तोंड दाबून धरलं होतं.

"होडी," ती म्हणाली. "पोयीची होडी. पोर खेळायचं तीच. घाईत किनाऱ्यावर रायली. ती द्यायला धावली पाण्यात. वल्ही काय थांबतात?" तिने चुंबळ पुन्हा घट्ट वळली. "नऊ महिने जगली मागून. रोज होडी घेऊन बसायची. तवापासून आमच्यात नारळी पुनवेला पयली होडी तिची. ती ठेवल्याबिगर घरातला पुरुष होड्याला हात लावीत नाय."

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. गुणवंतीने पाटी डोक्यावर घेतली, पायरीपर्यंत गेली आणि मागे न वळता म्हणाली, "वचन सासूनं घेतलान, ते दगड नेतील म्हणून. ही पत्र लिवणारी बाय दगड मागते काय?"

"नाही. नाव मागते."

"पुनवेला येतंय," एवढंच बोलून ती उतारावरून निघून गेली.

पौर्णिमेला ती उजाडता उजाडता आली, घरच्या पुरुषांना किनाऱ्यावर थांबवून. नवं हिरवं लुगडं, हातात दोन नारळ आणि पोयीची होडी. होडीला नारळाच्या हिराची डोलकाठी होती, कडा विस्तवावर शेकून वळवलेल्या. दोघी गडग्याच्या बाहेरून वळसा घालून गेल्या. गुणवंतीने चिऱ्यावर एक नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. होडी तिने ठेवली नाही. ती राहीच्या हातात दिली.

"ही टपालानं धाड. ज्याची त्याला पोचू दे. आणि नाव लिव. मालन."

"दगडाचं काय लिहू?"

गुणवंतीने चिऱ्यावर हात टेकला. "हाय तिथं हाय म्हणून लिव. न्यायचं नाय. यायचं तर येऊ देत बघायला." मग दुसरा नारळ पुढे केला. "हा महिपतभावाचा. दर साली देतंय."

पुनवेचा हा नारळ राही लहानपणापासून घरी येताना बघत आली होती. त्याची ती वड्या करायची. बाबांनी तो कशाचा ते कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिने तो दोन्ही हातांनी घेतला.

पत्र लिहायला तिला दुपार लागली. 'पत्र पावलं, दगड पाहिला,' हे इंग्रजीत सहज उतरलं. मालनचं सगळंही उतरलं. पूर्वीचं उत्तर अपुरं होतं, ते का होतं, हेही तिने लिहिलं. लपवलं नाही आणि माफीही मागितली नाही. शेवटी एक वाक्य उरलं. यापुढे या पत्त्यावर महिपत नाहीत, दोन महिन्यांपूर्वी ते वारले. ते तिने तीन वेळा लिहिलं आणि तिसऱ्यांदाचं ठेवलं.

टपालकचेरीत दादूने खोका हातात तोलून पाहिला. वजन काहीच नव्हतं. आत काय आहे ते वर लिहावं लागतं, तो म्हणाला, विलायतेला जायचं म्हणजे.

"मुलाचं खेळणं."

"गोऱ्यांच्या पोरांना खेळणी कमी पडली काय, मास्तरीणबाई?"

"एक राहिलं होतं," राही म्हणाली.

येताना तिने घरून हंडा भरून घेतला आणि खुंटीवरचा सोडणाचा कुंचला काढला. बाबा गेल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. मुठीपाशी अंगठ्याच्या जागी खोलगट झिजलं होतं. तिचा अंगठा तिथे बरोबर बसला नाही, थोडा सुटाच राहिला. किल्ली द्यायला अजून दोन दिवस होते. ती वळसा घालून गडग्यापलीकडे गेली, नारळ हलकेच बाजूला ठेवला, चिऱ्यावर ओंजळभर पाणी ओतलं आणि एका कडेने घासायला सुरुवात केली.