अंगठ्याची पट्टी

“एका गोळ्याला पाऊण तास! नवरीला हळद लावतीय जणू,” खेळायचे बूट भाड्यानं द्यायच्या काउंटरमागून वहिदा पुटपुटली. पुटपुटली म्हणजे सुगंधाबाईंना ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

सुगंधाबाईंनी मान वर केली नाही. मांडीवर जुना टॉवेल, टॉवेलवर निळा गोळा, हातात मऊ फडकं. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या, गोळा लोटून पिना पाडायच्या या बोलिंगच्या हॉलमध्ये त्या आठ वर्षं गोळे पुसत होत्या. हॉलचे चाळीस. पिझ्झ्याच्या हातांनी उचललेले, वाढदिवसाचा केक बोटांच्या भोकांत बसलेले. त्या चाळिसांना साबणाचं कोमट पाणी पुरे व्हायचं. मांडीवरचा हा एकेचाळिसावा हॉलचा नव्हता. तो त्यांच्या पोराचा, रामचा होता.

“ताई, ये लो.” वहिदानं पर्समधून नेलपॉलिश पुसायची बाटली काढली. “एका मिनटात साफ. माझ्या नखाचं निघतं, याचं नाय निघणार?”

“नख परत येतं बाई. याची साल गेली का गेली.”

त्या बोलून गेल्या. वहिदानं बाटली परत पर्समध्ये टाकली.

हे सगळं पथ्यपाणी रामनंच शिकवलेलं. तो इथंच, गोळा घरंगळत जातो त्या लेनच्या मागं, पिना उभ्या करणारी मशिनं सांभाळायचा. हॉल बंद व्हायच्या आधी तासभर खेळायचा. “आई, लेनवर तेल असतं. ह्यो गोळा ते पितो. कातडीला असत्यात तशी बारीक छिद्रं हायेत त्याला. खेळ झाला का लगेच पुसायचं, मुरू द्यायचं नाय. अर्धं स्पिरिट, अर्धं पाणी. थिनर नाय, रॉकेल नाय. उकळतं पाणी तर अजिबात नाय, तडकल.”

“तुला न्हाऊ घालताना सुदिक एवढं पथ्य नव्हतं,” त्या म्हणाल्या होत्या.

गोळ्याची भोकं पुण्याला जाऊन त्याच्या बोटांच्या मापानं पाडून आणलेली. अंगठा, मधलं बोट, करंगळीशेजारचं बोट. थंडीत अंगठा बारीक होतो म्हणून त्यानं अंगठ्याच्या भोकात आतून एक पट्टी चिकटवली होती. भोकं साफ करताना जुनी पट्टी काढून टाकायची आणि खाली उरलेला डिंक स्पिरिटनं पुसायचा, हेही त्यानंच सांगितलेलं. सुगंधाबाई बाकी सगळं पाळायच्या. ती पट्टी मात्र त्यांनी काढली नव्हती. काळी पडली होती, कडेनं उलली होती, पण होती.

खरं तर गोळ्याला पाच महिन्यांत तेल लागलंच नव्हतं. तरी दर मंगळवारी त्या तो लॉकरमधून काढायच्या. फडकं कोरंच्या कोरं निघायचं. वहिदाला ते दिसायचं.

सिल्लोडहून रामला बघायला पाव्हणे आले होते, तिथनं सगळं सुरू झालं. मुलीच्या बापानं विचारलं, पोरगा काय करतो? रामनं सांगितलं. म्हातारा चहा सांडेस्तोवर हसला, “गोळे लोटतो? आन् पगार देत्यात व्हय त्याला?” पाव्हणे गेले. सुगंधाबाईंच्या डोक्यात मात्र ते हसू घर करून राहिलं. रामच्या बापानं मेंढरांमागं जन्म काढला, आता पोराच्या गळ्यात कंपनीचं कार्ड पाहिजे, कोपऱ्यावर न्यायला बस आली पाहिजे. शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत त्यांनीच शब्द टाकला. राम म्हणाला, मला नाय जायचं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी तो गेला.

सव्विसाव्या दिवशी पत्रा दाबायची प्रेस हातावर खाली आली. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

भेटायला आलेले सगळे एकच बोलले. मशीनच खराब होती. नशीब. जीव वाचला हे लई झालं. कोणी कोणी सुगंधाबाईंच्या हाताचा चहा घेताना त्यांच्याकडे बघायचं टाळलं, तेवढंच.

आज सकाळी त्या घरातून निघताना राम म्हणाला होता, “चारला येतो. गोळा ओवैसला देऊन टाकू. तो भोकं बुजवून आपल्या मापाची पाडून घेईल.”

ओवैस त्याच्याबरोबर खेळणारा. चांगला पोरगा. सुगंधाबाई ‘बरं’ म्हणाल्या होत्या. एवढा चांगला गोळा लॉकरात ठेवून काय लोणचं घालायचं, असंही म्हणाल्या होत्या.

चार वाजता राम आला. भर उन्हाळ्यात जर्किन घातलेलं, उजवा हात खिशात.

“आओ भाई! कितने दिन के बाद,” वहिदा घाईघाईनं म्हणाली. “चाय मँगाऊ? अन् जास्त विचार करायचा नाय बघ. मशीनच तसली. किसी की गलती नहीं.”

राम नुसता हसला आणि आईसमोर स्टुलावर बसला.

“ओवैसला सांग, लगेच पुसत जा म्हणावं. उन्हात गाडीत ठेवू नको म्हणावं,” सुगंधाबाई फडकं फिरवत म्हणाल्या.

“म्हाईत हाय त्याला.”

“आन् स्पिरिट निम्मंच.”

“आई, दे.”

त्यांनी दिला. त्यानं डाव्या हातानं गोळा मांडीवर घेतला, उजेडाकडे फिरवला. अंगठ्याच्या भोकाशी थांबला.

“पट्टी कामून काढली नाय?”

“राहिली.”

“पाच महिने?”

सुगंधाबाईंनी फडक्याची घडी केली. मोडली. परत केली.

रामनं खिशातला हात बाहेर काढला. वहिदानं नजर बुटांकडे वळवली. त्यानं अंगठा भोकात घातला. पट्टीवरून सरकत तो अगदी तळापर्यंत गेला आणि नेमका बसला. शेजारची दोन भोकं तशीच वर बघत राहिली. त्यांच्यात स्पिरिटनं पुसलेला स्वच्छ काळोख होता.

“बसतोय अजून,” तो म्हणाला.

“तुला जायचं नव्हतं,” सुगंधाबाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण त्यांनाच अनोळखी वाटला. “तू नाय म्हणला व्हता. मी धाडलं तुला. मशीन न् नशीब नाय. मीच.”

वहिदाच्या हातातले बूट हातातच राहिले. पलीकडच्या लेनवर कोणाच्या तरी सगळ्या पिना पडल्या, टाळ्या वाजल्या.

“व्हय, आई,” राम म्हणाला.

अंगठा त्यानं अजून बाहेर काढला नव्हता.