उजव्या हाताची अनामिका

उपेंद्र आमच्या तन्वीच्या फ्रॉकची बटणं डाव्या हाताने लावायला लागला, तेव्हाच मला शंका आली होती. पियानोवर हात ठेवला की त्याच्या उजव्या हाताची अनामिका आपोआप आत वळते, मुठीत शिरायला बघते. टॅलाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोष बोटात नाही, मेंदूत आहे. पुन्हा पहिल्यासारखं वाजवता येईलच असं सांगता येत नाही. हे फक्त आम्हा दोघांना माहीत.

अल्बम मात्र आधीच ठरलेला. सत्तरेक वर्षांपूर्वी जॅझवाले करायचे तसा: पियानो, बास, ड्रम एकाच खोलीत आणि अख्खी धून एका दमात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. तुकडे कापून जोडायचे नाहीत, ही अट उपेंद्रचीच.

"अरे, आता तरी सोड ना ती अट," ओंगारच्या घरून निघताना मी म्हटलं.

"म्हणजे कॉम्प्युटरकडून वाजवून घेऊ? ते ऑफिसात रोज करतोच की."

"विनोद नकोत."

"मग काय रडू? वृंदा, एवढं एक होऊ दे. मग बोट गेलं खड्ड्यात."

डून लेरीच्या स्टुडिओत काचेच्या अलीकडे मी तन्वीला मांडीवर घेऊन बसले. रेकॉर्डिंग करणारा डेक्लन तिला म्हणाला, "बॉस तू. आवडलं नाही तर खुशाल ओरड."

शेवटची धून तिचीच होती. घरी कीबोर्डवर उपेंद्र ती वाजवतो, तेव्हा शेवटी एक लांब तान सरसर वर चढते आणि संपता संपता त्याचं बोट थेट तिच्या नाकावर येतं. सव्वा वर्षाची पोर, पण तान यायच्या आधीच डोळे गच्च मिटून नाक पुढे करते.

पहिल्यांदा तो मध्येच थांबला. मग पुन्हा थांबला. बासवाल्याने विचारलं, "बरा आहेस ना?"

"ग्रँड, ग्रँड," उपेंद्र इथल्या लोकांसारखं म्हणाला, म्हणजे एकदम ठीक. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता. काचेतून मला तेवढंच दिसत होतं.

पुढच्या खेपेला धून सलग गेली. ती जागा जवळ आली. तन्वीने डोळे मिटले, नाक पुढे केलं.

तान आलीच नाही. तिच्या जागी डाव्या हाताचे दोन जड सूर पडले आणि धून संपली.

"हाच! हाच टेक घ्यायचा!" डेक्लन खुर्चीतून उठलाच. "काय शेवट केलास गड्या! किती संयम!"

आत ड्रमवाला टाळ्या वाजवत होता. उपेंद्रने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या: कसं झालं? मी हसून मान डोलावली.

तन्वीने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा गच्च मिटून नाक पुढे केलं. मी तिला घाईने खांद्यावर घेतलं, पण तोवर त्याने पाहिलं होतं.

"अजून एक घेऊन ठेवू या?" डेक्लनने माइकवरून विचारलं.

"नको," म्हणत उपेंद्रने डाव्या हाताने पियानोचं झाकण लावलं.