तक्रार : काही नाही

गटाराच्या पाइपात कॅमेरा सोडून कुठे काय तुंबलंय ते शोधणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळे त्याला नळीवाला म्हणत. कामाची वही बायकोकडे असायची. फोन ती घ्यायची. पत्ता, वेळ, तक्रार लिहून ठेवायची. तो सकाळी वही बघून मुकाट निघायचा.

साडेचार वर्षांपूर्वी छातीत जळजळ होते म्हणून डॉक्टरांनी त्याच्याच घशातून कॅमेरा आत सोडला होता. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचं अस्तर बदललेलं निघालं. कॅन्सर नव्हता, पण पुढे होऊ शकतो, म्हणून तीन वर्षांनी पुन्हा बघायचं ठरलं. गोळ्यांनी जळजळ थांबली आणि गडी खूश झाला. तारीख आली आणि गेली. बायकोने विषय काढला की म्हणायचा, तक्रार नसताना कॅमेरा घालतं का कुणी? आणि हाच माणूस गिऱ्हाइकांना दटावायचा, पाणी वाहतंय म्हणजे पाइप धड आहे असं समजू नका. लोकांना शहाणपण शिकवताना त्याची जीभ कधी अडखळली नाही.

बायकोने वाद घालणं सोडलं आणि मंगळवारच्या पानावर लिहिलं : मोठा दवाखाना, दुसरा मजला, नऊ वाजता. तक्रार : काही नाही.

तक्रार नाही तर बोलावतात कशाला, असं पुटपुटत तो निघाला. वासाने पोटात ढवळतं म्हणून कामाआधी तो चहाचा घोटही घेत नसे. बायकोला तो नेमका उपाशीपोटीच हवा होता.

केबलचं भेंडोळं खांद्यावर घेऊन तो दुसऱ्या मजल्यावर पोचला आणि काउंटरवरच्या नर्सला विचारलं, तुंबलंय कुठे? तिने यादी बघितली, मग त्याच्याकडे बघितलं.

"काका, तुंबलेलं काही नाही. तपासणी तुमची आहे. ते ओझं खाली ठेवा."

त्याचं डोकं सणकलं. तो वळला तर मागच्या बाकावर बायको बसलेली. तिने पदर घट्ट धरला होता, पण आवाज हलला नाही.

"फसवलं मी तुम्हाला. हवं तेवढं ओरडा, पण तपासून झाल्यावर. थोरले भाऊजीही म्हणायचे, जळजळ थांबली. घास अडकायला लागला तेव्हा दवाखान्यात गेले, आणि डॉक्टरांनी हात टेकले. मला पुन्हा ते बघायचं नाही."

थोरल्या भावाचं नाव निघालं आणि त्याचा राग ओसरला. शेवटच्या महिन्यात भाऊ चमच्याने पाणी प्यायचा, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो घाबरला होता, गेली दीड वर्षं घाबरलेलाच होता. त्याने भेंडोळं बाकाखाली सरकवलं.

घशात बधिर करणारा फवारा मारला, डाव्या कुशीवर झोपवलं. समोरच्या पडद्याकडे तो धंद्याच्या नजरेने बघत राहिला. कॅमेरा बाहेर काढताना डॉक्टर घाई करत नव्हते, ते त्याला पसंत पडलं. एका जागी ते थांबले, पुन्हा मागे गेले, तपासायला दोन-तीन बारीक तुकडे काढले. तिथे त्याला काहीच वावगं दिसलं नाही. तीस वर्षं पाइप बघणाऱ्या माणसाला काहीच दिसलं नाही.

दोन आठवड्यांनी अहवाल आला. नेमक्या त्याच जागी पेशी बिघडायला लागल्या होत्या. कॅन्सर अजून झाला नव्हता. तेवढं अस्तर कॅमेऱ्याच्या नळीतूनच काढता येईल, पोट फाडायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणखी दोन वर्षं थांबलो असतो तर? त्याने विचारलं. डॉक्टरांनी अस्तर काढायची तारीख लिहून दिली. बायको बाहेर येऊन रडली. तो तिच्याशेजारी उभा राहिला.

अस्तर काढून झालं. तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं ठरलं. घरी आल्यावर त्याने वही मागितली. आजवर त्याने तीत कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. तारीख शोधून त्याने वाकड्यातिकड्या अक्षरांत दवाखान्याचा पत्ता लिहिला आणि खाली लिहिलं : तक्रार काही नाही. तरी जायचं. हिला बरोबर घेऊन.