नालवाडीतल्या दाराची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. आज माझी गोष्ट सांगणार आहे, पण ती गोड आवाजात ऐकायला मिळेल अशी आशा ठेवू नका. मी फार रागावले आहे.

नाचणगावच्या एका लोहाराने मला भट्टीत तापवून, ठोकून घडवलं. पुढे वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत कौशल्याबाईंचं घर झालं, तेव्हा मला मधल्या खोलीच्या दाराला आतून बसवलं. सुरुवातीला माझं कौतुकही झालं. "अशी मजबूत कडी आता भेटत नाई," असं येणारेजाणारे म्हणायचे. पण या घरात एक नियम होता. दिवसा आतून कडी लावायची नाही, सुनेने तर मुळीच नाही. आणि रात्री या खोलीत कोणी निजत नसे. मग मी वर्षानुवर्षं नुसती लोंबकळत राहिले. रंगाऱ्याने दाराबरोबर मलाही रंग फासला. माझा कोयंडा वाकला, तो कोणी सरळ केला नाही. लागूच द्यायची नव्हती तर मला बसवलं कशाला?

मग छाया आली, कौशल्याबाईंच्या मुलाची, आदेशची बायको. ती वर्ध्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं करणं तिला उत्तम येतं, पण रोग्याला स्वतः तपासून पुढचं ठरवता यावं, ही तिची इच्छा. म्हणून नोकरी सांभाळून तिने नर्सिंगची वरची पदवी घ्यायला सुरुवात केली, तीही ऑनलाइन. घरात सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि वर्ग सुरू झाले.

अभ्यास कसला होत होता, सांगू? लॅपटॉपवर शिकवणं सुरू झालं की दार उघडायचं. कोणाला इंजेक्शन टोचून हवं, कोणाला रक्ताचा रिपोर्ट वाचून हवा. कौशल्याबाईंना कांदे सापडत नसत, आदेशला चार्जर सापडत नसे. छाया उठायची, परत येऊन बसायची, तोवर शिकवणारे पुढे गेलेले असायचे. घरची नर्स म्हणजे जणू रस्त्यावरची पाणपोई! मला संताप यायचा, पण कोयंडा वाकलेला, मी काय करणार?

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं माणूस दिसता कामा नये, परीक्षा देणाऱ्याने तोंड उघडता कामा नये. छायाने हे सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी ती दार नुसतं लोटून बसली. पेपर अर्ध्यावर आला आणि कौशल्याबाई पोह्यांची बशी घेऊन आत शिरल्या. मागे शेजारचे बंडूजी, बाही वर करूनच आलेले.

"पाहा बंडूजी, आमची सून कशी शिकून राह्यली!"

"सूनबाई, माहा बीपी पाहून देजो जरा."

दोघं कॅमेऱ्यात दिसले आणि विद्यापीठाने परीक्षा तिथेच थांबवली. सासूबाईंना कौतुकच करायचं होतं, हे मला कळतं. म्हणून तर जास्त चीड येते.

"दोन मिनिटं तर आले होते," आदेश म्हणाला. "इतकी काऊन तापून राह्यली?"

"तुमचे दोन मिनिटं झाले, माहं अख्खं साल बुडून राह्यलं!"

बऱ्याच विनवण्या केल्यावर विद्यापीठाने तिला पुन्हा बसू दिलं. या वेळी कोणी आत दिसलं, तर नाव कायमचं कमी होणार होतं. छायाने आदेशला कोयंडा सरळ करून द्यायला सांगितलं. "उद्या करतो," तो म्हणाला. त्याचा उद्या काही आला नाही.

परीक्षेच्या सकाळी छायाने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि स्वतःच कोयंडा ठोकला. सुरीने माझा रंग खरवडला, खोबरेल तेल घातलं. मला लागलं, पण फार बरं वाटलं. मग तिने मला लावलं.

थोड्याच वेळात दारावर कौशल्याबाईंच्या थापा पडू लागल्या.

"छाया, कडी काऊन लावली? दिवसाढवळ्या! बंडूजी बीपी पाहाले आले, लोक काय म्हणतीन?"

बोललं तर परीक्षा जाणार, म्हणून छाया पेपर सोडवत राहिली. तिने मानसुद्धा वळवली नाही. आदेशने दाराला खांदा लावला. दार थरथरलं, माझे खिळे करकरले. लाव किती जोर लावायचा तो, मी मनात म्हटलं. मी कोयंडा सोडला नाही.

पेपर पाठवून झाल्यावर छायाने दार उघडलं. तिघेही समोर उभे.

"आमाले बाहेर ठेवलं? आमी का चोर आहो?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"चोर नाई, आई. पण माहा वेळ तुमीच नेऊन राह्यले," छाया म्हणाली. "आता रोज वर्गाच्या टायमाले कडी लागन. आन् बंडूजी, तुमी बीपी पाहाले दवाखान्यात येजा."

बंडूजींनी वर केलेली बाही खाली ओढली. निकाल अजून यायचा आहे. माझा राग मात्र गेलेला नाही, कारण अशी दारं खूप आहेत आणि सगळ्यांच्या कड्या धड नाहीत. तर मित्रांनो, तुमची आई, काकू किंवा ताई पुस्तक उघडून बसली, तर शाबासकी द्यायला आत शिरू नका. दार तुम्हीच ओढून घ्या आणि बाहेर थांबा. तहान लागली तर माठ कुठे आहे, ते तुम्हाला माहीत आहे.