केळ्यात उजळलेली भुकटी

मित्रांनो, मी एक नारिंगी भुकटी आहे. घर माझं काळ्या कागदात गुंडाळलेली इवलीशी बाटली, मुक्काम जळगावच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा, आणि तोरा तर विचारूच नका!

सुलक्षणाने मला घडवलं. चोपड्याकडच्या, केळी पिकवणाऱ्या घरातली ही मुलगी. रुथेनियम नावाच्या धातूभोवती तिने कार्बन-नायट्रोजनच्या कड्या गुंफल्या आणि मी जन्मले. काम मला एकच नेमून दिलं, डीएनए ओळखायचं. डीएनए म्हणजे प्रत्येक जिवाच्या पेशीतला बारीक, पीळदार धागा. त्याच्या पदरांत शिरले की निळ्या प्रकाशात मी लाल चमकते. नुसत्या पाण्यात मात्र ढिम्म!

या स्वभावापायीच माझी शोभा झाली. शेजारच्या बाटलीतला हिरवा रंग पाण्यातही झगमगायचा, म्हणून पाहुणे त्याचंच कौतुक करायचे. त्यात फ्रिज बंद पडला आणि विकत आणलेला डीएनए नासला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सुलक्षणा मला त्यात घालून बघे, पण मी गप्पच. शेवटी तिच्या संशोधनाचे मार्गदर्शक हितेंद्र सर म्हणाले, "आज चमकली नाही, तर ही टाकून दे. दुसरा विषय घे." सुलक्षणाचे डोळे भरून आले. मला तर रडताही येत नव्हतं.

तेवढ्यात तिची आई, बेबाबाई, डबा आणि केळी घेऊन आली. सुलक्षणा केळ्यांकडे बघतच राहिली. बाटलीतला डीएनए नासला असेल, पण ताजा डीएनए तर यांच्यातही होता!

"माय, एक केय दे माले!"

"खावाले का वं?"

"नही माय, इले दखाडाले!" माझ्याकडे बोट करत ती म्हणाली.

मायलेकींनी केळं कुस्करलं, मीठ आणि साबणाच्या पाण्यात कालवलं, फडक्यातून गाळलं. वरून गार स्पिरिट सोडताच पांढरे तंतू तरंगू लागले. तोच केळ्याचा डीएनए! सुलक्षणाने तो धुऊन पाण्यात विरघळवला आणि मला त्यात सोडलं. पडदे ओढले. सरांनी निळा दिवा लावला.

आणि मी उजळले! लालबुंद! इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. शेजारच्या काचनळीत मला नुसत्या पाण्यात सोडलं होतं, तिथे अंधारच.

"माय वं!" बेबाबाई ओरडल्या. "आपला केयामा इतला उजेड शे?"

सर हसले. "सुलक्षणा, दुसरा विषय राहू दे. हाच पुढे ने."

मित्रांनो, मला उन्हात ठेवू नका, झाकण घट्ट लावा. आणि कुणी गप्प बसलेलं दिसलं, तर त्याच्यात दम नाही असं ठरवून टाकू नका. त्याची आधी योग्य ठिकाणी गाठ घालून द्या. कचऱ्याचा डबा आणि मी, आमच्यामध्ये त्या दिवशी फक्त एक केळं होतं.